पाणकोंबडीसाठी केळीची कमान

अन्याय झाला तो एका पाणकोंबडीवर. १९५६ सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तळ्यावर. करणारे सगळे सज्जन होते, म्हणून कुणाला शिक्षा झाली नाही.

पंचायतीनं तळ्याकाठचं पाणकणीस कापायचा ठराव केला होता. त्यात पाणकोंबडीचं घरटं होतं, सहा अंडी होती. मी हरकत घेतली, तर उत्तर आलं, पुरावा आणा. अमळनेरच्या एका फोटोवाल्याकडून डबा कॅमेरा मागून आणला आणि रोज सकाळी चिखलात बसलो. पक्षी असा लाजरा, की मी घसा खाकरला तरी पांढरी छाती पाणकणसात गडप. पहिल्या रोलमध्ये तळं आलं, लव्हाळे आले, माझं बोट आलं. शेजारी म्हशी धुणारे आबा आठवडाभर हे पाहत होते. मग म्हणाले, "भाऊ, तिले बठ्ठं दिखस. तो धवळा सदरा काढ." तिला म्हणे सगळं दिसत होतं, आणि माझा सदरा पांढराशुभ्र, सभेत मिरवायची खादी ती. काढली, आबांची घोंगडी पांघरली. तिसऱ्या दिवशी ती शेपटी उडवत घरट्यावर चढली. एकच फोटो निघाला, तोही अंधारा. पंचायतीत तो हातोहात फिरला आणि त्यात पक्षी नव्हे, चप्पल आहे असं ठरलं.

मग मी शहाणपणा केला. तालुक्याच्या साहेबांना अर्ज दिला, स्वतः येऊन पाहा. त्यांच्याकडे चांगला कॅमेरा होता, हौसही होती. ते येईपर्यंत ठराव थांबला.

त्या सकाळी मी साहेबांना आणायला फाट्यावर गेलो. परत येतो तर गावाचं श्रमदान उरकलेलं. साहेबांना पक्षी नीट दिसावा म्हणून पाणकणीस मुळापासून साफ, दगडांना चुना, आणि घरट्याच्या जागी केळीच्या खांबांची कमान. सरपंच नानांनी मला बाजूला घेतलं. "साहेब येतीन नि काठवर रान? गावनी इज्जत शे का नही?"

अंडी कुठे, मी विचारलं. ती जपून टोपलीत ठेवली होती, गवताच्या गादीवर. साहेबांनी टोपलीचा फोटो काढला, हार घातलेल्या नानांचाही काढला. आबांनी तीन दिवस टोपली काठावर ठेवून पाहिली. पाणकोंबडी फिरकली नाही.

अर्ज माझाच होता, हेही लिहून ठेवतो. तुमच्या गावच्या तळ्याला पाणकणीस उरलं असेल, तर कुठल्या साहेबाला बोलावू नका, मलाही नको. पंचायतीत साफसफाईचा ठराव येईल, त्या दिवशी जा, उभे राहा आणि नाही म्हणा.