आडवी फांदी

कोरीट गावातल्या आमच्या ओट्यावर बसून बोललेला नवस तोरणमाळच्या देवाला ऐकू जातो का, हा प्रश्न मला त्या माघात फार पडला होता. यजमान मुदतीच्या तापातून उठले होते. उठले म्हणजे जीव वाचला होता, अंथरूण मात्र सुटलं नव्हतं. ताप गेला तरी पायांत जोर येईना. वैद्यबुवा म्हणायचे, पायांत काही खोट नाही, त्यांनी उभं राहायचं मनावर घ्यायला हवं. आणि मन तर भिंतीकडे तोंड करून पडलेलं. पूर्वी हा माणूस बैल पाणी पिताना मधेच का थबकला यावरून मला ढीगभर प्रश्न विचारायचा. आता गव्हाला ओंबी धरली का, एवढंसुद्धा विचारत नव्हता. ताप परत येईल अशी मला भीती नव्हती. हा माणूस असाच गप्प पडून राहील, ही होती.

नवस सासूबाईंनी केला होता. पोरगा वाचला तर शिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाच्या दर्शनाला घरचं माणूस पायी डोंगर चढेल, वरच्या तळ्याचं पाणी आणेल आणि ते पाणी त्याच्या पायांवर घालू, असा. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून एका सकाळी तांब्याचा गडू माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "तूच जाय. पन पानी तुन्हाच हातनं भरजो. दुसऱ्याना हात नको लागू देजो." मी मान डोलावली. धास्ती वाटली आणि त्याच क्षणी मनात उकळ्याही फुटल्या, हे कोणाला सांगणार?

त्याचं असं, की मी भारी भित्री आणि तितकीच चौकस. दोन्ही गोष्टी एका बाईत कशा मावल्या ते देवालाच ठाऊक. एकटीने नदीवर जायची माझी छाती नव्हती. पण घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, मिरच्या वाळत घालायला चढले की हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी तापीपलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसायची, आणि मिरच्या तशाच हातात राहायच्या. त्या रेघेवर काय असेल? तिथली माणसं खाली पाहत असतील तर त्यांना आमचं धाबं दिसत असेल का? घरात विचारलं की एकच उत्तर मिळे, "डोंगर शे, दुसरं काय ऱ्हाई?" लग्न होऊन आल्यापासून मी ती रेघ पाहत आले होते. त्यामुळे निघताना मला खरा घोर हा पडला, की मी देवासाठी जातेय की डोंगर पाहायला? मनात अशी भेसळ असलेला नवस फळतो का? यजमानांच्या पायांशी वाकले तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी गडू पदराखाली धरला आणि गाडीत जाऊन बसले.

बरोबर थोरले दीर आणि जाऊबाई होत्या. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडली, शहाद्याच्या पुढे वाट डोंगराला भिडते तिथे गाडी सोडली. तेव्हा तोरणमाळला मोटार जात नसे. जायचं ते पायी, चढत. आमच्यात सुनेने जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडं ठेवायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. दीर पुढे चालत, म्हणून माझा पदर नाकापर्यंत ओढलेला. लग्नापासून जो डोंगर पाहायची आस धरली, त्याच्या अंगावर चालतेय आणि दिसतंय काय, तर माझीच दोन पावलं आणि जाऊबाईंच्या लुगड्याचा काठ! मधूनच पदर उचलून मी वर पाहायची. पळस फुलून पेटलेले, मोठाल्या खडकांना झाडांच्या मुळ्यांनी विळखे घातलेले. जाऊबाई मागे वळून म्हणत, "आते काय देखी ऱ्हायनी? झाड शे ते. आपला बांधवर नही का झाडे?" जाऊबाई मनाने लोण्यासारख्या, पण शरीर जड. एका झऱ्यापाशी त्यांचा पाय मुरगळला आणि त्या बसल्या. दीर त्यांच्या पायाला पाणी लावायला थांबले. मला संधीच मिळाली. "बाई, मी जराशी पुढे जास," असं मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं, वळण ओलांडलं आणि पदर खांद्यावर टाकला.

उघड्या तोंडावर डोंगराचा वारा लागला तेव्हा मला हसूच फुटलं. कोणी पाहायला नव्हतं. मी झपाझप चालू लागले. पुढे वाट फुटली होती. एक वर जात होती, उघडीबोडकी. दुसरी उजवीकडे, झाडांच्या सावलीतून, आणि तिच्या तोंडाशी जांभळाची एक पानांची फांदी आडवी ठेवलेली. वाऱ्याने पडलेली नव्हे, कोणी हाताने तोडून ठेवलेली. आता आमच्याकडे काय करतात? शेताच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकतात ती गुरांसाठी. माणसाने ती उचलायची, पलीकडे जायचं आणि पुन्हा होती तशी ठेवायची. जी वाट कोणी अशी जपून झाकली, ती वापरातली, धन्याची वाट. कुठल्याही शेतकऱ्याच्या सुनेने केलं असतं तेच मी केलं. फांदी उचलली, पलीकडे गेले, आणि आपली रीतभात दिसावी म्हणून ती पहिल्यापेक्षाही नीट ठेवली.

वाट मोठी सुरेख होती. नाना पक्षी, पायाखाली पानांचा गालिचा. मी विचार करत होते की हे सारं यजमानांना कसं सांगायचं. आणि एका वळणावर वाट संपली. पावसाळ्यात कड्याचा तो भाग खचून खाली गेला होता. माझ्या पावलापुढे उघडी माती, तिच्यापुढे काहीच नाही, आणि फार खाली दरीत झाडांचे शेंडे. मी मटकन खाली बसले. परतायला उठावं म्हणून मागे पाहिलं, तर आले ती वाटही आता अरुंद आणि कलती वाटू लागली. कोणत्या पायाने चालत आले होते तेच आठवेना. हाक मारली, दरीनेच ती परत दिली. मागून दीर-जाऊ येतील म्हणून वाट पाहिली, कोणी आलं नाही. सावल्या लांबू लागल्या. मला गोरखनाथाचं एक स्तोत्र धड येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, देवा, मी भक्तीने आले का हौसेने आले ते तूच निवड, पण पाणी घरी पोचू दे. ते बोलले आणि रडायलाच लागले.

बांगड्या वाजल्या म्हणून मी मान वर केली. मागच्या बाजूला डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, गळ्यात मण्यांच्या आणि चांदीच्या माळा, वय माझ्याएवढंच असावं. तिने भारा उतरवला आणि माझ्याशेजारी येऊन बसली, जणू दोघींचं तिथे भेटायचं ठरलेलंच होतं. कमरेच्या ओच्यातून बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. ती तिच्या बोलीत काही बोलली, मी माझ्या अहिराणीत. दोघींना एकमेकींचं कळलं नाही आणि दोघीही हसलो. मी खुणेने सांगितलं, माझे पाय हलत नाहीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मांडीवरचा माझा गडू उचलला, भारा पुन्हा डोक्यावर चढवला आणि "चाल, बाई, चाल" म्हणत सरळ कड्याच्या बाजूने मुळ्यांना धरून वर निघाली.

सासूबाईंचा गडू! तो तांब्याचा गडू त्यांनी माहेरून आणलेला. "ए बाई, थांब व! मन्हा गडू!" म्हणत मी उठले. ती थांबेना. तिचा पाय जिथे पडे तिथे मी पाय टाकत होते, ती जी मुळी धरी तीच धरत होते, आणि डोळा त्या चकाकणाऱ्या गडूवरून हलत नव्हता. खाली काय आहे ते पाहायला सवडच नव्हती. चढता चढता मधेच माझ्या ध्यानात आलं की माझा पदर कमरेला खोचलेला आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत वर आहे, श्वास भात्यासारखा चाललाय आणि मी घाबरलेली नाही. हे पाय कोणाचे? आजवर मी कोणाची सून, कोणाची बायको, कोणाची धाकटी जाऊ होते; त्या उभ्या चढावर यांतलं काहीच नव्हते. नुसती एक चढणारी बाई होते, आणि ती बाई मला नवी होती. तिच्याविषयी मला फार कुतूहल वाटलं.

वर पोचलो तर समोर तळं. एवढं पाणी, एवढ्या उंचावर! पलीकडे जत्रेचे झेंडे दिसत होते, ढोल वाजत होता. बाईने भारा टाकला, पाण्यात गुडघाभर गेली, गडू बुडवून भरला आणि ओल्या हाताने माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि मग सासूबाईंचे शब्द आठवले. दुसऱ्याचा हात नको. काय करावं? ओतून पुन्हा स्वतः भरावं, तर कोणाला कळणार होतं? मी पाण्याशी वाकलेही. पण आतून वाटलं, मी वर आले ती काय माझ्या हाताने आले? जी मला इथवर घेऊन आली तिचं पाणी ओतून टाकायचं, आणि मग देवाकडे काय तोंडाने मागायचं? मी गडूवर तळ्यातलं एक कमळाचं पान बांधलं. तिला नमस्कार करायला वळले तर ती भारा घेऊन जत्रेच्या गर्दीकडे निघालीही होती. तिचं नाव विचारायचं राहिलंच. ती तिथे कशी आली, माझी पावलं धुळीत पाहून की हाक ऐकून, तेही मला कधी कळलं नाही. जाणून घ्यायचा मी फार प्रयत्न केला, आता करत नाही.

देवळाशी दीर आणि जाऊबाई वेड्यासारखे शोधत होते. फांदी जागच्या जागी पाहून त्या वाटेने कोणी गेलं असेल असा त्यांना संशयसुद्धा आला नव्हता. मला पाहताच थोरले दीर, ज्यांचा आवाज मी आजवर दुसऱ्यांशी बोलतानाच ऐकला होता, ते ओरडले, "कथी गयथी व माय? जीव काढी लिधा ना मन्हा!" आणि खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसू लागले. मी उघड्या तोंडाने त्यांच्यापुढे उभी होते, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. मग तिथल्याच एका म्हाताऱ्याने आम्हांला सांगितलं, की डोंगरात आडवी फांदी म्हणजे इकडे येऊ नका. वाट खचली की आधी जाणारा मागून येणाऱ्यासाठी ठेवतो, आणि सुकली की जो कोणी तिथून जाईल तो नवी ठेवतो. मी गोरखनाथापुढे डोकं टेकलं तेव्हा मागायचं काही सुचलं नाही. नुसती टेकून राहिले.

घरी आल्यावर गडू सासूबाईंपुढे ठेवला आणि होतं ते सगळं सांगितलं. पाणी कोणी भरलं तेही. त्यांनी गडूवरचं पान सोडलं. मग म्हणाल्या, "जो हात तुले वर लई गया, त्याले दुसऱ्याना कसा म्हनू? घाल पानी." मी यजमानांच्या पायांवर पाणी घातलं. चमत्कार काही झाला नाही. पाय होते तसेच राहिले. पाय पुसता पुसता मी त्यांच्या पाठीलाच सगळी हकिकत सांगत होते. फांदी, कडा, बोरं, गडूमागची माझी धावपळ. बोलून संपलं. मी उठणार एवढ्यात ते भिंतीकडून वळले.

"मंग पहिले ती वाट कथी जाये?" त्यांनी विचारलं.

किती दिवसांनी त्या माणसाने काही विचारलं होतं, आणि तेही ती वाट पूर्वी कुठे जायची हे! मला हुंदका आवरेना. "माले काय म्हाईत?" मी म्हटलं, "तुम्ही चला, आपन देखूत." सासूबाईंनी दारात पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या सकाळी ते भिंतीला धरून उभे राहिले. पेरणीपर्यंत काठी घेऊन बांधापर्यंत जाऊ लागले. रोज काहीतरी विचारायचे, कड्यावर माती कसली होती, तळ्यात मासे आहेत का. मी सांगायची, नसेल ठाऊक तर नाही म्हणायची.

पुढल्या शिवरात्रीला आम्ही दोघं चढलो. हळूहळू, थांबत. मी आता रेघ पाहणारी बाई नव्हते, रेघेवर जाऊन आलेली होते. भीती होती, पण ती माझ्या मागून चालत होती. मनात भेसळ असलेला नवस फळतो का, याचं उत्तर मला मिळालं होतं. देवाने माझ्या चौकसपणालाच धरून मला वर नेलं होतं, आणि त्याच धाग्याने यांना अंथरुणातून उठवलं होतं. वाट फुटते तिथे आलो, तर उजव्या वाटेवर फांदी होती, जुनी, पार सुकलेली. आपल्या रीतीने ह्यांनी सहज वाकून ती उचलायला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "ती आपलासाठीच ठेयेल शे."

मग शेजारच्या जांभळीची एक हिरवी फांदी मोडून मी त्या सुकलेल्या फांदीवर ठेवली, मागून येणाऱ्या कोणासाठी तरी. यजमानांनी ती जराशी सरळ केली, आणि आम्ही उघड्या वाटेने वर निघालो.