वॉटर लेनचं गवत

लेस मोक्सनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. रग्बीचं मैदान राखायची नोकरी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पाचच. उठायचं, गमबूट चढवायचे आणि दारामागची लांब लवचिक काठी घेऊन परसात जायचं. परसात कोळशाची कोठी, कपडे वाळत घालायची दोरी आणि मधोमध गवताचा एक तुकडा, जेवणाच्या टेबलावर घालतात त्या चादरीएवढा. लेस त्यावरून काठी आडवी फिरवायचा. एकदा इकडून, एकदा तिकडून. पात्यांवरचं दव खाली पडायचं. दव पात्यावर राहिलं की बुरशी धरते, म्हणून झाडायचं. अख्ख्या मैदानाचं जे करत आला, तेच चादरीएवढ्या तुकड्याचं.

कुंपणापलीकडे डग लिस्टर राहायचा. एकेकाळी कॉल्डरशॉ गावाच्या संघात पुढच्या फळीत खेळलेला गडी. नाक मोडून मोडून कुठल्याच दिशेचं राहिलं नव्हतं.

"लेस, आज मॅच कुणाशी रे?" तो विचारायचा.

"तुझ्याशी. म्हणून तर कुणी बघायला आलेलं नाही."

मार्चमधल्या एका सकाळी डगने हे विचारलं नाही. कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "नेव्हिल बर्कबी गेला. इस्पितळात."

लेसने काठीची फेरी पुरी केली. "कशानं?"

"हृदय बंद पडलं म्हणे. म्हणजे होतं तर!"

लेस हसला नाही. काठी पुसली आणि आत गेला.

नेव्हिल बर्कबी कॉल्डरशॉ रग्बी क्लबचा चेअरमन. रग्बी दोन तऱ्हेचा: पंधरा गड्यांचा कॉलेजात शिकलेल्या साहेबांचा, तेरा गड्यांचा खाणीत उतरणाऱ्यांचा, आणि कॉल्डरशॉत तेरा गड्यांच्या रग्बीशिवाय दुसरा खेळ नव्हताच. खाण बंद पडली तेव्हा क्लबही बुडायला आला होता. त्या वेळी बर्कबी पुढे झाला. बाप दारोदार कोळसा पोचवायचा, पोराने सोफ्यांचा कारखाना काढून पैसा केला होता. त्याने कर्ज फेडलं, वॉटर लेनच्या मैदानात प्रेक्षकांच्या उघड्या पायऱ्यांवर छप्पर घातलं, चांगले गडी आणले. संघ वरच्या गटात गेला त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवलं. डगच्याही खांद्यावर तो बसला होता.

मग त्याच्या डोक्यात आलं की कॉल्डरशॉ आणि मार्थवेट या दोन संघांचा एकच करावा. मार्थवेट नदीपलीकडचं गाव. तिकडे मुलगी दिली तर इकडे घरात सुतक पाळल्यासारखं वागायचे. एका रविवारी कुणीतरी बर्कबीच्या मोटारीत डुकराच्या विष्ठेची पाटी ओतली. विलीनीकरण बारगळलं, पण माणूस चिडला. गाव आपलं ऐकत नाही तर गावाचं मैदान कशाला, असं तो म्हणाल्याचं सांगतात. खरंखोटं त्यालाच ठाऊक. वॉटर लेन सुपरमार्केटला विकलं गेलं. नवं मैदान हमरस्त्याच्या कडेला, प्लास्टिकच्या गवताचं. प्लास्टिकला दव झाडावं लागत नाही. लेसला घरी बसवलं.

बर्कबीने क्लब वाचवला म्हणणारे एका दारूच्या गुत्त्यात बसतात, विकला म्हणणारे दुसऱ्यात. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच भांडण मिटत नाही.

लेस कुठल्याच गुत्त्यात बसत नव्हता. बर्कबीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचा, "काटा सरळ मारायचा."

त्यामागे एक सकाळ होती. चषकाचा सामना होता आणि मैदान गोठलं होतं. लेस अंधारापासून मैदानावर पांघरलेला पेंढा बाजूला ओढून लांब दात्यांच्या काट्याने जमीन टोचत होता. इतक्यात चेअरमन आला, उंटाच्या लोकरीचा लांब कोट घालून.

"दुसरा काटा आहे?"

"आहे. पण चेअरमन, तुमचे बूट..."

"बुटांचं मी बघतो. तू काटा दे."

त्याने कोट नदीकडच्या गोलच्या खांबाला अडकवला आणि कामाला लागला. लेस तिरक्या नजरेने बघत होता. नवखा माणूस काटा हलवून हलवून घुसवतो आणि भोक फाडतो. बर्कबीने काटा सरळ धरला, पायाचं सगळं वजन टाकलं, सरळ वर काढला. कोळसेवाल्याचा पोरगा होता शेवटी. अर्धा तास तो बोलला नाही, थांबला नाही. तळहाताला फोड आले. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि तो गेला. सामना झाला, कॉल्डरशॉ जिंकलं.

पुढे प्रत्येक मेजवानीत बर्कबी ही गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षी तो अर्धा तासच होता. मग त्याची पहाट झाली, मग रात्र झाली. शेवटी शेवटी तर मैदान एकटा चेअरमनच टोचत होता आणि लेस कंदील धरून उभा होता. लेस टाळ्या वाजवायचा. काम केलेलं होतं, लांबवलेलं होतं एवढंच.

अंत्यविधीला चॅपल भरलं. बाहेरही माणसं होती. त्यातली काही टोप्या काढून उभी होती, काही मुद्दाम टोप्या घालून. क्लबचा नवा चेअरमन बोलायला उठला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चाललं होतं. बर्कबीचा उदारपणा, बर्कबीचा मोठेपणा. मग तो म्हणाला, "वॉटर लेन सोडताना नेव्हिल आपल्या म्हाताऱ्या मैदानवाल्याला विसरला नाही. नदीकडच्या खांबांसमोरच्या गवताची लादी त्याने स्वतःच्या हाताने लेस मोक्सनला भेट दिली. ती आजही लेसच्या परसात हिरवी आहे."

माना वळल्या. लोक लेसकडे बघून कौतुकाने हसले. बायको शेजारी होती, एनिड. तिने त्याला कोपराने ढोसलं.

"भेट?"

"गप."

"भेट म्हणतोय तो, लेस!"

"चॅपल आहे, एनिड."

"मग चॅपलमध्ये खोटं कशाला बोलतोय?"

पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. एनिडने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, तेही उलटं.

नंतरच्या चहाला हॅमचे सँडविच होते. जो तो लेसच्या पाठीवर थाप मारून जाई. "नशीबवान आहेस गड्या. तुझी आठवण ठेवली त्यानं." लेसने एक सँडविच खाल्लं आणि टोपी घेतली.

घरी आल्यावर एनिडने किटली चुलीवर आदळली. "तिथं उठून सांगायला काय झालं होतं तुला?"

"मेलेल्या माणसाशी भांडायचं?"

"तो जिवंत असताना तरी कुठं भांडलास? आता ऐक माझं. तू मेल्यावर लोक म्हणतील, लेस मोक्सन, ज्याला चेअरमननं गवत दिलं तो. तुझ्या आयुष्यात तुझी म्हणावी अशी ही एक वस्तू होती. आज तीही दानात गेली."

लेस खिडकीतून बाहेर बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात बर्कबीची मुलगी दारात आली. ज्युडिथ. पन्नाशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत खोका. एनिडने तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला. ज्युडिथने पिशवी मांडीवरच ठेवली.

"मिस्टर मोक्सन, बाबांची राख आहे. त्यांची इच्छा होती, वॉटर लेनवर, नदीकडच्या खांबांखाली टाकावी."

"त्यांनीच विकलं ना ते?" एनिड म्हणाली.

ज्युडिथ लाल झाली. "मी सुपरमार्केटात जाऊन आले. जिथं खांब होते तिथं आता गोठवलेल्या वाटाण्यांची कपाटं आहेत. मॅनेजर भला माणूस होता, पण नाही म्हणाला. वॉटर लेनचं जिवंत गवत आता तुमच्याकडेच आहे. म्हणून म्हटलं... बाबांनीच तुम्हाला दिलेलं आहे, तर..."

"राख जाड पडली तर गवत जळतं," लेस म्हणाला.

"एवढंच कारण आहे?"

लेस कपातला चहा ढवळू लागला.

ज्युडिथने कप खाली ठेवला. "हे गाव मला ठाऊक आहे, मिस्टर मोक्सन. बाबांचं खाल्लं सगळ्यांनी, आणि तोंड फिरवलं सगळ्यांनी. मला वाटलं होतं, तुम्ही तरी वेगळे असाल. तुम्हाला त्यांनी..."

"दिलं नाही."

"काय?"

"त्यांनी मला गवत दिलं नाही, पोरी."

"माझ्या लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं! आता ते सांगायला नाहीत, म्हणून तुम्ही..."

"खोटं बोलतोय म्हणतेस?" एनिड पुढे झाली. लेसने हात वर करून तिला थांबवलं.

तो हळू बोलला, एकेक लादी उचलून ठेवावी तसा. "शेवटचा सामना झाला. चेअरमन म्हणाले, सगळं गवत मुळांमातीसकट लाद्या करून काप. यंत्र लावून मी कापलं. माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा त्यातच गेला. शनिवारी फाटकाशी टेबल मांडलं आणि लाद्या विकायला काढल्या. लोकांची रांग लागली. पाऊस होता. मीही रांगेत उभा राहिलो."

"रांगेत? तुम्ही?"

"नाहीतर कुठं? माझं होतं का ते? टेबलावर चेअरमन बसले होते. शेजारी तू. लाल हातमोजे घातले होतेस. पैसे तूच घेत होतीस, बिस्किटांच्या डब्यात."

ज्युडिथचा हात पिशवीवर थांबला.

"माझा नंबर आला. मी म्हटलं, नदीकडच्या खांबांसमोरची लादी पाहिजे. चेअरमननी वर बघितलं. हसले. म्हणाले, 'लेस! तूसुद्धा? शाब्बास.' मला वाटलं, आता म्हणतील, घेऊन जा. थांबलो जरा." लेसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते म्हणाले, 'पुढचा.' आणि तू डबा पुढं केलास."

ज्युडिथने मान खाली घातली.

"झाकणावर राजवाड्याचं चित्र होतं," ती म्हणाली. "त्या डब्याच्या. माझी बोटं गारठली होती. माणसांची तोंडं मी बघतच नव्हते. नुसते हात."

"त्यातला एक हात माझा होता," लेस म्हणाला.

ती उठली. पिशवी छातीशी धरली. "चुकले मी. येते."

ती दारापर्यंत गेली आणि लेस म्हणाला, "थांब."

तो परसात गेला. बादलीत वाळू आणि चाळलेली माती घेतली. एनिडला म्हणाला, "चहाचा चमचा आण."

"कशाला?"

"आण तर."

एनिडने चमचा आणला. लेसने ज्युडिथकडे हात केला. तिने खोका उघडला.

"किती?" एनिडने विचारलं. "भरून?"

"सपाट. शीग नको." त्याने चमच्यावरून बोट फिरवून वरची राख परत खोक्यात पाडली. "अर्धा तास काम केलं त्यांनी त्या जमिनीवर. चांगलं केलं. अर्ध्या तासाची मजुरी देतोय. बाकीचं तुझं तू घेऊन जा."

ज्युडिथ रडली की नाही ते त्याने पाहिलं नाही. तो गुडघ्यावर बसून राख वाळूत कालवत होता. नीट कालवलं नाही तर एके ठिकाणी डाग पडतो. मग मूठ मूठ घेऊन लादीभर पसरलं आणि झाडूच्या पाठीने पात्यांखाली उतरवलं. ज्युडिथ जाताना म्हणाली, "मी खरं काय ते क्लबला सांगेन." लेस म्हणाला, "बघ तुला जमलं तर."

तिने सांगितलं असेल किंवा नसेल. पुढच्या सामन्याला क्लबने छापलेल्या पुस्तिकेत मागच्या पानावर बर्कबीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, चेअरमनने भेट दिलेल्या गवतावरच कृतज्ञ मैदानवाल्याने त्यांची राख विसावू दिली. डगने ते कुंपणावरून मोठ्याने वाचून दाखवलं.

"कृतज्ञ म्हणजे रे काय, लेस?"

"ज्यानं रांगेत नंबर लावला तो."

"मग जा की क्लबात! टेबल आपट. मी येतो बरोबर, माझेही पैसे क्लबकडं राहिलेत."

"तू जा," लेस म्हणाला. "मला दव झाडायचंय."

एनिडने पुस्तिका चूल पेटवायला घेतली. पुढे लोक परसापाशी थांबून बघू लागले. चेअरमनचं गवत म्हणून पोरांना दाखवू लागले. एनिड दारातून ओरडायची, "चेअरमनचं नाही, मोक्सनचं!" लोक मान डोलवून हसायचे आणि पुढे जायचे. म्हातारी आहे, म्हणायचे.

लेस पाचला उठत राहिला. त्या तुकड्याचं बी त्यानेच पेरलं होतं, गोठलं तेव्हा त्यानेच पेंढ्याने झाकलं होतं, आणि कापायची पाळी आली तेव्हा कापलंही त्यानेच. शेवटच्या आठवड्याच्या मजुरीचं पाकीट त्याने घरी नेलंच नव्हतं. ते फाटकापाशीच उघडलं, आणि त्यातून आपलंच गवत विकत घेतलं.