भुरीबाईच्या नातीची तीज

भुरीबाई मारेगावच्या बाजारात भाव करायला लागली की पलीकडच्या रांगेतली गिऱ्हाइकंही थांबून ऐकायची, असा तिचा आवाज. पण यवतमाळच्या कोर्टात बाईची वाचाच बसली. लेक बाळंतपणात गेली, तेव्हापासून नात चंदी तिनंच वाढवली होती. आता जावई देवसिंगनं दुसरं लग्न केलं आणि पोरगी परत मागितली. जजसाहेबांनी नवा कायदा सांगितला. बाप जिवंत असताना आजीचा हक्क चालत नाही. पोरीला भेटायचं की नाही, तेही आता बापाच्या मर्जीवर.

देवसिंग पोरीला न्यायला भुरीबाईच्या बंजारा तांड्यावर आला तो नेमका श्रावणात. तांड्यातल्या सगळ्या कुवार पोरींनी तिजेचे गहू टोपल्यांत पेरले होते, त्यांत चंदीही होती. रोज गाणी म्हणत पाणी घालायचं, कोंब वाढले की वाजतगाजत ओढ्यात बोळवायचे. मधेच टोपली टाकून कुणी जात नाही.

"तीज बोळवल्याबिगर कशी येऊ, बा?" चंदी म्हणाली.

तांड्याचा नायक खेमसिंग गालात हसला. "कोर्टाचा हुकूम आमाले मान्य हाये, देवसिंग. पन तुही बहीण अशी तीज टाकून गेलती का कधी?"

देवसिंग बोळवणीपर्यंत तांड्यावरच मुक्कामाला राहिला. भुरीबाईनं त्याच्याशी अबोला धरला खरा, पण वाढताना तुपाचा हात काही आखडता घेता येईना. एका संध्याकाळी तोच हळूच म्हणाला, "तुमची लेक तिजेले कोनतं गानं म्हने, मामी?"

भुरीबाईनं ते गायलं. कोर्टात बसलेला आवाज असा मोकळा झाला की अख्खा तांडा गोळा झाला. देवसिंग डोळे पुसत ऐकत राहिला.

बोळवणीच्या दिवशी चंदीनं कोंबांची जुडी बापाच्या पागोट्यात खोवली. "पुढच्या साली बी मी इथंच पेरीन."

"पेरजो. मी आनून सोडीन तुले."

भुरीबाईला ते काही खरं वाटलं नाही. नात गेली तेव्हा ती ढसाढसा रडली. पण देवसिंगनं शब्द पाळला आणि श्रावण आला की चंदी तांड्यावर हजर होऊ लागली. एका वर्षी तर त्याच्या कडेवर आणखी एक चिमुरडी होती, दुसऱ्या बायकोची. ती त्यानं भुरीबाईच्या मांडीवर ठेवली.

"हिची बी एक टोपली लावजा, मामी."

भुरीबाईनं चंदीपुरते गहू भिजत घातले होते. त्यात तिनं आणखी एक ओंजळ टाकली.