आबांच्या छातीतली जाळी

आमचा टेलिफोन सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कोनाड्यात असे. तो वाजला की माझे वडील, आबा, खांद्यावरचा टॉवेल सारखा करत, छाती पुढे काढत आणि मगच रिसीव्हर उचलत. पलीकडे इस्पितळातल्या संशोधनाचे काम पाहणारी मुलगी असे. तिचे प्रश्न आम्हाला ऐकू येत नसत. आबांची उत्तरे मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचत.

"छातीत दुखतंय? कुणाच्या, माझ्या? छ्या! ठणठणीत हाय की. डाक्टरांस्नी सांग, पैलवान उभा हाय."

तरुणपणी आबांनी कुस्त्या मारल्या होत्या आणि पुढे आमच्या पेठेतल्या तालमीत मुलांना घडवले होते. सारी पेठ त्यांना वस्ताद म्हणे. नव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत एका सकाळी देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीवर कुणी गुडघा रोवावा तसे झाले, आणि हृदयाकडे जाणारी एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजली असल्याचे तपासणीत कळले. ती फुग्याने रुंद करून आत धातूची बारीक जाळी बसवायची, असे ठरले. पेनातल्या स्प्रिंगहून नाजूक असलेल्या त्या वस्तूला डॉक्टर स्टेंट म्हणत. आम्ही जाळीच म्हणत राहिलो.

जाळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक साधी, बरीच वर्षे वापरातली. ती बसवल्यावर काहींच्या रक्तवाहिनीत आतून पुन्हा पेशी वाढत आणि वाट अरुंद होई. दुसरी नवी, औषधाचा लेप दिलेली. तो लेप ही वाढ खरोखर रोखतो का, आणि पुढे त्याचा काही त्रास होतो का, हे पडताळण्यासाठी अभ्यास चालला होता. कोणत्या रुग्णाला कोणती जाळी मिळणार, हे सोडतीसारखे निव्वळ योगायोगाने ठरणार आणि रुग्णाला ते सांगितले जाणार नाही. नको म्हटले तरी उपचारात काही उणे पडणार नाही. डॉक्टरांनी हे सारे शांतपणे, दोनदा समजावले.

"म्हंजे कुस्तीची जोड चिठ्ठी टाकून लावायची," आबा म्हणाले, "आन् आमाला सांगायचं न्हाय, कुणाकडनं लढतोय. लावा की!"

आम्ही हसलो. त्या हसण्यात एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली. आमच्याकडे पैलवान एकट्यासाठी लढत नाही, तालमीसाठी लढतो. आणि मैदानात खांदा निखळला तरी तो समोरच्यांना कळू देत नाही. आबांनी मनोमन डॉक्टरांना वस्ताद केले होते आणि नव्या जाळीला त्यांची तालीम. आपल्याला लेपाचीच जाळी मिळाली आहे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आतून गार लागते, असे ते छातीवर तळहात ठेवून सांगत.

दुखणे पहिल्यांदा दिसले ते आईला. जाळी बसवल्यावर काही महिन्यांनंतरची गोष्ट. न्हाणीत डाव्या हाताने तांब्या उचलताना आबांचा चेहरा आवळला गेला.

"अवो, काय झालं?"

"काय न्हाय. पाणी कढत हाय."

आईने बंबातून काढलेल्या त्या पाण्यात बोटे बुडवली. ते जेमतेम कोमट होते.

दुपारी मी माहेरी गेले, तेव्हा तिने हे, आणि आदल्या दिवशीच्या फोनचेही, मला दाराशीच सांगितले. मी आबांसमोर बसले. ते बोलत होते, पण कवितेत यती चुकीच्या जागी पडावा तसा त्यांचा श्वास वाक्याच्या मध्येच थांबत होता. अंगरख्याचे बटण लावताना डावा हात अर्ध्यातून परत येत होता.

"आबा, छातीत दुखतंय ना?"

"वाईच."

"आणि काल फोनवर ठणठणीत म्हणालात?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, सांगू नगंस. त्या माणसानं जीव वाचिवला माझा. आता त्याची जाळी म्या हारवू व्हय? समदी म्हणतील, वस्तादाच्या छातीत जाऊन पडली."

"आन् तुमी पडला म्हंजे?" आई स्वयंपाकघरातून कडाडली. "जाळीला हार घालून फोटू लावू काय भिंतीला?"

 मी इस्पितळाला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज क्षणात बदलला. ती म्हणाली, आत्ता लगेच या.

रिक्षात आबांचा हात माझ्या हातात होता. लाकडी मुठीसारखा तो घट्ट हात तेव्हा ओलसर, गार लागला. रंकाळा तलावावरून येणाऱ्या वाऱ्यात शेवाळाचा आणि भाजक्या कणसांचा वास होता. आबांनी एरवी रिक्षा थांबवून कणीस घ्यायला लावले असते. त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

कार्डिओग्रामवरून काही निश्चित सांगता येत नव्हते. जाळी पुन्हा बुजत असेल तर वेळ घालवणे बरे नाही, म्हणून अँजिओग्राफी करायचे ठरले. आबांना आत नेले आणि त्यांच्या कपड्यांचे गाठोडे माझ्या मांडीवर आले.

बाहेरच्या बाकावर आई जपमाळ न घेताच बोटे हलवत होती. सगळीकडे फिनाइलचा वास कोंदला होता. नकळत मी आबांचा अंगरखा चेहऱ्याशी नेला आणि थबकले. आंबट ताक, हळद, तेल, लिंबू. आणि त्या साऱ्यांखाली ओलसर लाल मातीचा गंध. तालमीच्या हौदातली कुस्तीची माती अशीच मळतात. बाहीच्या शिवणीत तांबूस कण अजून अडकलेले होते.

"आई, तालमीची माती नवी केली का गं यंदा?"

आईची बोटे थांबली. "केली की. परवापास्नं चाललंय." मग तिने अंगरखा माझ्या हातातून ओढून घेतला, हुंगला आणि डोळे मिटले. "फावडं मारलं बघ ह्या माणसानं."

पण या शोधाने जीव भांड्यात पडला नाही. फावड्याने खांदा दुखावला असेल. तसाच हृदयावर ताणही आला असेल. त्या वासात दोन्ही अर्थ होते, आणि मी तो पुन्हा पुन्हा छातीत भरून घेत बसले.

दार उघडले. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवले. धूसर पांढुरक्या धुक्यात एक काळी रेघ उमटली, वळली, फांद्यांनी पसरली. जिथे मी श्वास धरून अडथळा शोधत होते, तिथून ती न अडखळता पुढे गेली.

"जाळी पूर्ण उघडी आहे," डॉक्टर म्हणाले. "दुसरी कुठली वाटही बुजलेली नाही."

मग ते आबांकडे गेले. जांघेतून नळी घातल्यामुळे पाय हलवायचा नाही, अशा ताकिदीने आबा पाठीवर पडले होते. डॉक्टरांनी बोटांनी डाव्या खांद्याखालची जागा दाबली. आबा ओरडले.

"हेच दुखणं ना? हा स्नायू आहे, वस्ताद. काय उचललंत?"

"फावडं," मी आणि आई एकदमच म्हणालो.

खोली हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. "तुम्ही माझ्यासाठी दुखणं लपवलंत, असं तुमची मुलगी म्हणते. वस्ताद, या कुस्तीत मी कोणत्याच तालमीचा नाही. मी पंच. पाठ टेकली की नाही, ते मला खरंच सांगावं लागतं. तुम्ही खोटं सांगितलंत, तर उद्या दुसऱ्याच कुणाच्या छातीत चुकीची जाळी बसेल."

 "पंचाला फशिवलं म्हणा की," आबा पुटपुटले. "लई वंगाळ झालं."

पुढे अभ्यास संपल्यावर कळले, की आबांना साधीच जाळी मिळाली होती. "म्हंजे मी समोरच्या तालमीचा व्हय!" म्हणत ते दिवसभर हसत होते. पण ते फार नंतरचे.

त्या तपासणीनंतरचा पहिला फोन आला, तेव्हा आई भाकरी थापत होती आणि मी तव्यापाशी होते. आबांनी टॉवेल सारखा केला. छाती मात्र पुढे काढली नाही. भिंतीला टेकून सावकाश बसले.

"छातीत? न्हाय बाय, आता न्हाय. पर थांब, लिहून घे. उजव्या टाचंला भेग हाय. दाढ ठणकतीय. रात्री उचक्या लागत्यात. आन् हिनं भाकरीत मीठ घालणं सोडलंय, ते बी लिही."

पलीकडे मुलगी खळखळून हसली, इतकी की ते आम्हालाही ऐकू आले. आईने थापता थापता पिठाचा हात हवेत उगारला. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, आणि मी ती तशीच, वाफ न मोडता, आबांच्या ताटात वाढली.