सुनेशी न भांडण्याचं पथ्य

नगरच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना नेवाशाकडच्या एक मावशी शेजारी बसल्या होत्या. मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडायच्या, पुन्हा मारायच्या. इथल्याच नागापूर एमआयडीसीतल्या कंपनीत डबा उभ्याने आणि साहेबाचं बोलणं मुकाट्याने गिळणारा मी, छातीत जळजळतं म्हणून घाबरून आलो होतो. त्यांची शुगर वाढली होती.

"डाक्टर म्हनले, गोड सोडा, टेन्शन घिऊ नका. मी सुनेशी भांडन बी सोडलं. त्येच लई जड गेलं, बाबा."

"पण शांत वाटलं ना?"

"कशाचं! ती भाकरी जाड थापायची, आन् मी गप गिळायची."

रिपोर्ट आले. माझं हृदय ठीक होतं आणि त्यांची शुगर उतरली होती. मावशींनी स्पीकरवर घरी फोन लावला. "शुगर उतरली गं! आन् ही भाकरी थापलीस का वीट?"

पलीकडे सून रडता रडता हसली. "बोललात बाई एकदाच्या, आत्याबाई! इतक्या गप झालात, मला वाटलं तुमचं काय खरं न्हाई."

मावशींनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. ती खरंच जाड होती. आम्ही दोघांनी ती निवांत बसून, चावून चावून, सुनेला नावं ठेवत संपवली.