दरबाराच्या उंबऱ्याशी

संस्थानिकांचा जुना राजवाडा बघायला आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त घाई आईला होती. फाटकापासून राजवाड्यापर्यंतच्या आमराईतून ती आमच्या पुढे भराभरा चालत सुटली. दरबाराच्या उंबऱ्याशी मात्र थांबली आणि तिनं चपला काढल्या.

"आजी, इथं चपला चालतात," रखवालदार म्हणाला.

"असू दे. कुणाचं तरी घर आहे ना," आई म्हणाली.

मागे लोक खोळंबले होते. दादा ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला. मी मात्र आईच्या चपलांशेजारी माझ्या काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

फरशीचा गारवा थेट अंगात चढला. आतापर्यंत राजवाडा नुसता बघायचा होता, आता तो पायांना कळायला लागला. मधली वाट झिजून गुळगुळीत झालेली, कडेची फरशी अजून खरखरीत. म्हणजे इथून माणसं खरंच ये-जा करत होती. आंघोळ करून कुणी ओल्या पायांनी गेलं असेल, कुणी धावलं म्हणून ओरडा खाल्ला असेल. झुंबरं, तसबिरी राहिल्या बाजूला; मलाच या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावंसं वाटत होतं.

बाहेर आलो तर उंबऱ्याशी चपलाबुटांचा हा ढीग. आमच्या चपला बघून मागच्यांनीही काही न विचारता आपापल्या काढल्या होत्या. दादाचे बूटही त्यातच होते. घरात कार्य निघावं तसं दार दिसत होतं.

आपल्या चपला शोधता शोधता आई समाधानानं म्हणाली, "बरीच माणसं आली की आज."