अडखळलेला साचा

रौमा बंदराजवळच्या फाउंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, तौनो लेहतिसालो एकतीस वर्षं फिरत्या साच्यात ब्राँझ ओतत होता. साचा गरगर फिरला की वितळलेला धातू कडेला चिकटतो, मधे पोकळी राहते आणि नळकांड्यासारखा बुश तयार होतो. त्या मंगळवारी ओतता ओतता साचा क्षणभर अडखळला. पट्टा घसरला असावा. लगेच वेग आला, पण तो बुश पाठवू नये असं तौनो सांगत राहिला.

"लेथवर घासला, मापात बसला, आरशासारखा चकाकतोय. आणखी काय हवंय तुला?" मुकादम कुर्केला वैतागला.

"आतलं लेथला दिसत नाही. साचा अडखळला तेव्हा आधीचा थर थिजला असेल, तर पुढचा त्याला जुळलाच नसेल."

"आणि तुला दिसतं? मोठा आलाय!"

शुक्रवारी बुश गोदीत गेला, मासेमारी बोटीच्या पंख्याच्या दांड्यावर बसवायला.

शनिवारी सौनात, घरच्या वाफेच्या खोलीत, बसलेला तौनो दोनदा मधेच उठून बाहेर आला.

"अरे, दार तरी लाव! सगळी वाफ चालली," बायको सिल्वी ओरडली. "त्या बुशाशीच लग्न करायचं होतंस."

"बोटीवर सहा माणसं असतात, सिल्वी."

"मग इथे घाम कशाला गाळतोस? जा की!"

सोमवारी कामाला दांडी मारून तो बसने गोदीत पोचला. तिथला फिटर यालमारी बुश बसवायच्या तयारीत होता; तौनोने त्याला थांबवलं.

"कारखान्याचं पत्र आहे?"

"नाही. बुश दोरीला टांग आणि हातोडी दे."

आत एकसंध असता तर टोल्याने बुश घंटेसारखा घणघणला असता. तो बद्द वाजला. यालमारीने करवत लावली. पहिला काप स्वच्छ निघाला. तौनोने थोडं पुढे दुसरी खूण केली. दुसऱ्या कापात मात्र कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दोन थर सुटे झाले.

न विचारता गेल्याबद्दल कुर्केलाने त्याला आठवडाभर घरी बसवलं. तो परतला तेव्हा यंत्राला नवा पट्टा होता.

"दुसरा बुश तूच ओत," कुर्केला नजर चुकवत म्हणाला.

तौनोने ओतला. या वेळी बुश खणखणीत वाजला. तरी बोट समुद्रावर होती तोवर तो रोज बंदरावर खेटे घालत राहिला. नोव्हेंबरात ती माशांनी भरून परतली. सिल्वीने त्याच्या आवडीचं सूप केलं, पण तो त्यात नुसता चमचा फिरवत राहिला. एकतीस वर्षांत न वाजवता धाडलेले किती बुश आज पाण्यात फिरत असतील, हेच तो मनात मोजत होता.